हवे होते एकच दार

सांगलीच्या बाजारपेठेत खाली पेढी आणि वर घर अशा जुन्या वास्तू आता थोड्याच उरल्या आहेत. अशाच एका वास्तूत तीन पिढ्यांपासून हळदीची अडत चालते. तळमजल्यावर गादी, तिच्यामागे हिशेबाची खोली, त्यामागे पोत्यांचे कोठार; आणि जिना चढून वर गेले की स्वयंपाकघर, देवघर व मुलांच्या खोल्या. रात्री नऊ वाजता पेढीचे लोखंडी शटर खाली ओढले जाते, दोन कुलुपे लागतात आणि किल्ल्या आजोबांच्या उशाशी येतात. आजोबांना सारे घर 'अण्णा' म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, गादीवर बसणे त्यांनी कमी केले असले तरी किल्ल्यांचा जुडगा अजून कोणाच्या हाती दिलेला नाही.

या घराला आणखी एक शटर आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. जिन्याखालच्या कपाटात एक लहानशी काळी पेटी ठेवलेली आहे आणि तिचे हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. तिला 'फायरवॉल' म्हणतात. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये जी भिंत बांधत, तिचेच हे नाव. ही पेटी घरात आली ती २०२२ मध्ये, शेजारच्या पेढीवर ओढवलेल्या प्रसंगानंतर. त्या पेढीच्या दिवाणजींना घरून हिशेब लिहिता यावेत म्हणून तेथील संगणक बाहेरून हाताळण्याची वाट उघडी ठेवलेली होती. एके सकाळी संगणक सुरू केला तेव्हा सारी खतावणी कुलूपबंद झालेली आढळली आणि पडद्यावर खंडणीची मागणी उमटली. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत चार दिवसांवर आली होती. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची येणी, सारे काही कागदाच्या चिटोऱ्यांवरून पुन्हा उभे करण्यात त्या कुटुंबाचे दोन महिने गेले. ते पाहून अण्णांनी आपल्या मुलाला एवढेच सांगितले, "आपल्याकडे असे होता कामा नये." आठवड्याच्या आत पेटी बसली.

ही पेटी नेमके काय करते, हे पेढीच्या भाषेत सहज सांगता येते. जुन्या काळी पेढीवर जावक टपालाची एक वही असे. आपण कोणास पत्र लिहिले, त्याची नोंद तीत होई. उत्तर आले की वहीत पाहून ते ज्याचे त्याला दिले जाई. मात्र आपण कधी पत्रच लिहिले नाही अशा अनोळखी माणसाचे पाकीट आले, तर ते न फोडता बाजूला ठेवावे, असा शिस्तीच्या पेढीचा नियम. फायरवॉल हेच करते. आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर ती आत येऊ देते. बाहेरून आपणहून आलेली प्रत्येक हाक ती उत्तर न देता सोडून देते. या घरातील पेटी त्याहूनही कडक होती. बाहेर जाण्यासही तिने केवळ दोनच मार्ग मोकळे ठेवले होते, संकेतस्थळे पाहण्याचा व ईमेलचा. मुलाला बाहेरगावाहून हिशेब पाहता यावेत म्हणून त्याच्यापुरता एक बंदिस्त बोगदा होता, तेवढाच अपवाद.

व्यापाराच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती. परंतु त्याच घरात दोन मुलेही वाढत होती.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, बाजार बंद, खेळायला अंगण नाही, अशा अवस्थेत मोठी बहीण आणि धाकटा भाऊ यांनी 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळात एक गाव वसवायला घेतले. हा खेळ स्वीडनमधील एका कंपनीने तयार केलेला. चौकोनी ठोकळे रचून घरे, वाटा, पूल, शेते उभी करायची, असे त्याचे स्वरूप. बहीण तेव्हा सतरा वर्षांची, भाऊ दहाचा. तिने नदी आखली, त्याने पूल बांधला. तिने वाडा उभारला, त्याने त्याच्या तळघरात कोठार केले, कारण 'कोठाराशिवाय वाडा कसला'. पुढे पेढीसाठी नवा संगणक आला, जुना वर आला आणि ते गाव त्या जुन्या संगणकावर हलवले गेले. दोघेही एकाच घरात, एकाच जाळ्यावर असल्यामुळे मध्ये कोणतीच भिंत नव्हती. तो संगणक सुरू केला की दोघे आपापल्या खोलीतून गावात शिरत.

२०२५ च्या सप्टेंबरात बहीण पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली. निरोपाच्या वेळी विमानतळावर भाऊ रडला नाही. "रात्री गावात भेटू," एवढेच म्हणाला. त्या रात्री, आणि नंतरच्या अनेक रात्री, भेट झाली नाही. गाव सांगलीच्या घरात होते आणि बहीण आता बाहेरची झाली होती. तिची हाक काळ्या पेटीपर्यंत येई आणि तेथेच विरून जाई. पेटीला ती घरची लेक आहे हे कसे कळावे? जावक वहीत तिची नोंदच नव्हती.

मुलाने वडिलांना विचारून पाहिले. हळदीचा भाव घसरलेला, दोन व्यापाऱ्यांची येणी थकलेली; वडिलांनी मानही वर न करता सांगितले, "खेळासाठी पेढीचे दार उघडायचे नाही." नकार योग्य होता की अयोग्य, हा पुढचा प्रश्न. त्याचे कारण मात्र कोणी समजावून सांगितले नाही. कारणावाचून दिलेला नकार मुलांना केवळ अडथळा वाटतो, आणि अडथळा आला की त्याला वळसा घालणे हा त्या वयाचा धर्मच आहे.

दिवाळीच्या सुटीत मुलाने तो वळसा घातला. पेटीचा पासवर्ड शोधायला त्याला कष्ट पडले नाहीत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर तो वडिलांच्याच अक्षरात होता. पेटीच्या नियमांत त्याला एक सोय सापडली: बाहेरून जे काही येईल ते सगळेच्या सगळे एका ठरावीक संगणकाकडे पाठवावे. त्याने तेथे जुन्या संगणकाचा क्रमांक लिहिला. त्या रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे जर्मनीत सायंकाळचे पाच वाजता, बहीण गावाच्या वेशीवर उभी राहिली. दोघे तीन रात्री खेळले. तिने वाड्याची गच्ची पुरी केली.

चौथ्या रात्री खेळ अडखळू लागला म्हणून मुलाने पेटीची नोंदवही उघडून पाहिली. तीत ओळींमागून ओळी होत्या. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या क्रमांकांच्या दारांवर, कोणीतरी ठोठावीत होते, मिनिटाला अनेकदा. त्यांतील बहुतेक थापा ३३८९ या क्रमांकावर होत्या. हा क्रमांक कशाचा, हे त्याने शोधले आणि त्याच्या अंगावर काटा आला. संगणक दुरून हाताळण्याचे दार ते हेच. शेजारच्या पेढीत चोर शिरला होता तोही याच वाटेने.

यात कोणी त्या घरावर डोळा ठेवून बसले होते असे नव्हे. अशी ठोठावणी यंत्रे आपोआप करीत असतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले होते की एकच संगणक, वेगवान जोडणी असल्यास, इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या साऱ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत एक फेरी मारू शकतो. ज्या रस्त्यावरून पाऊण तासात सगळ्या जगाची दारे तपासली जातात, तेथे 'आमचे छोटेसे घर कोणाच्या नजरेस येणार' हा भरवसा फोल आहे.

मुलाने पेटीचा तो नियम पुसला. ते करून निजणे त्याला शक्य होते. कोणाला काही कळले नसते. तो मात्र जिना उतरून अण्णांच्या खोलीत गेला. रात्रीचे अकरा वाजले होते. अण्णा जागे होते.

"अण्णा, माझ्याकडून चूक झाली," असे म्हणून त्याने सगळे सांगितले, तीन रात्री, कागदावरचा पासवर्ड, नोंदवहीतील थापा.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "किती दारे उघडली होतीस?"

"सगळी."

"आणि तुला हवी किती होती?"

मुलाने क्षणभर विचार केला. "एकच."

"मग बाळ, ताईला बोलावलेस ही चूक नाही. एक मागायचे सोडून सगळी उघडलीस, आणि न विचारता उघडलीस, ही चूक. उद्या वडिलांना तू स्वतः सांग. मी शेजारी बसेन."

दुसऱ्या दिवशी वडील संतापले, हे सांगायला नको. पेटी बसवून देणारा तरुण बोलावला गेला. त्याने सारे तपासले. सुदैवाने कोणी आत शिरलेले नव्हते. परंतु त्याने जे दाखवले, त्याने वडिलांचाही आवाज खाली आला. जुना संगणक वर नेताना दुरून हाताळण्याची सोय बंद करायची राहून गेली होती. टाळेबंदीत दिवाणजींसाठी ती सुरू केली होती, ती तशीच होती. तिचा पासवर्ड म्हणजे पेढीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शिवाय तो संगणक आणि खालचा हिशेबाचा संगणक एकाच जाळ्यावर होते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या नावाने जी साथ जगभर पसरली, ती याच रीतीने एका संगणकातून त्याच जाळ्यावरील दुसऱ्यात आपोआप सरकत गेली होती. म्हणजे मुलाने शटर उघडले हे खरे, पण आतल्या तिजोरीची किल्ली मोठ्यांनीच खुंटीला टांगून ठेवली होती. चुकीच्या ताळेबंदात दोन्ही बाजूंना रकमा निघाल्या.

अण्णांनी तेव्हा एक प्रश्न विचारला, जो आधी कोणीच विचारला नव्हता. "एकच दार उघडायचे, आणि पेढीला धक्का लागू द्यायचा नाही, असे होऊ शकते का?"

"होऊ शकते," तो तरुण म्हणाला. आणि मग पुढील दोन तासांत काम झाले. तेथील क्रम घरोघरी उपयोगी पडावा असा आहे.

सर्वप्रथम घराचे जाळे दोन भागांत विभागले. एक भाग पेढीचा, दुसरा मुलांचा. दोघांनाही बाहेर जाण्याची मुभा, पण मुलांच्या भागातून पेढीच्या भागात पाऊल टाकता येणार नाही. दारे उघडण्याआधी मधली भिंत उभी करायची, हा क्रम महत्त्वाचा. त्यानंतर जुना संगणक पूर्ण पुसून नव्याने मांडला. गाव तेवढे आधी बाहेर काढून ठेवले होते, ते परत आणले. दुरून हाताळण्याची सोय बंद केली. खेळाचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले.

मग ते एक दार. माइनक्राफ्टच्या संगणकीय आवृत्तीचे ठरलेले दार २५५६५ या क्रमांकाचे. पेटीत नियम लिहिला गेला: बाहेरून केवळ या क्रमांकावर आलेली हाक केवळ त्या संगणकाकडे द्यावी, बाकी सारे पूर्ववत बंद. रात्री नऊ ते अकरा एवढ्याच वेळात तो नियम लागू राहील, अशी वेळही बांधून दिली.

दार उघडे असले तरी येणारा कोण, हे पाहायला हवेच. बँकेत धनादेश वटवण्यापूर्वी खातेदाराच्या नमुना स्वाक्षरीशी सही ताडून पाहतात, तशी सोय या खेळातही आहे. तिला 'व्हाइटलिस्ट' म्हणतात. ज्यांची नावे यादीत, त्यांनाच प्रवेश. आणि ते नाव खरोखर त्याच खात्याचे आहे का, याची पडताळणी खेळाच्या कंपनीकडून होते. या घरच्या यादीत दोनच नावे आहेत.

अखेरीस दोन गोष्टी मोठ्यांनी स्वतःसाठी केल्या. कपाटातील कागद फाडला गेला आणि पासवर्ड बदलले. आणि हिशेबाची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून तिजोरीत ठेवायची, असे ठरले. जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे. खतावणीला कुलूप घालणारा चोर तिलाही कुलूप घालतो.

प्रत्येक घराला हेच जमेल असे नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून झाले. त्यामुळे अनेक सेवा देणाऱ्या कंपन्या एकच पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा अंक ६४ ते १२७ मधील असेल, तर आपण अशा सामायिक चाळीत राहतो असे समजावे. तेथे आपल्या खोलीचे दार उघडून उपयोग नाही. चाळीचा मुख्य दरवाजा दुसऱ्याच्या हाती असतो. या घराकडे पेढीच्या कामासाठी घेतलेला स्थिर पत्ता होता, म्हणून काम झाले. तो नसेल तर खेळाचे जग कंपनीच्या संगणकावर मासिक भाड्याने ठेवता येते. भाड्याचे गोदाम ते. पण त्यासाठी घराचे दार आत उघडावे लागत नाही, हा लाभ.

बहुतेक अन्य खेळ कंपनीच्याच संगणकावर चालतात. त्यांना आतले दार नकोच असते. बाहेर जाण्याची जास्तीची वाट तेवढी लागते. संकेतस्थळे ज्या रीतीने पाने पाठवतात ती पूर्वीच्या रजिस्टर्ड ए. डी. टपालासारखी; पोच आल्याखेरीज पुढचे पान नाही. खेळातील हालचाल आणि आवाज साध्या पोस्टकार्डांसारखे भराभर धाडले जातात, एखादे गहाळ झाले तरी थांबायचे नाही. कडक पेटी ही पोस्टकार्डे अडवते आणि मग खेळात मित्राचा आवाज येत नाही. अशा वेळी खेळाच्या कंपनीने प्रसिद्ध केलेले क्रमांक पाहून तेवढेच बाहेर जाऊ द्यावेत. राउटरमध्ये 'यूपीएनपी' नावाची एक सोय असते. तीमुळे कोणतेही उपकरण न विचारता स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकते. खेळ सुरळीत चालतो म्हणून ती लोकप्रिय आहे. ज्या घरात पेढीचे हिशेब आहेत तेथे ती बंद असलेली बरी. नोकराने परस्पर किल्ली करून घ्यावी, तसे ते आहे.

आणि कॅमेऱ्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड प्रथम बदलावेत. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या कपटी प्रणालीने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे व राउटर आपल्या कह्यात घेतले होते. ती लिहिणारे अमेरिकेतील तीन तरुण पुढे न्यायालयात दोषी ठरले, आणि तिचे मूळ माइनक्राफ्टची जगे चालवणाऱ्यांमधील धंद्याच्या चुरशीत होते. खेळाच्या कडेलाही व्यापार असतो आणि व्यापारात खोटी मापे वापरणारेही असतात.

सारे झाल्यावर अण्णांनी नातवाला जवळ बसवून घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. "यात पैसे लावतात का रे?"

"नाही अण्णा. गाव बांधायचे, एवढेच."

"आणि मारामारी?"

मुलाने सांगितले की खेळात 'पीसफुल' नावाची एक पातळी आहे. तीत राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही, म्हणून अन्नासाठी कोणा प्राण्याला मारण्याचे कारण पडत नाही. ताईने पहिल्या दिवसापासून गाव त्याच पातळीवर ठेवले आहे. शेतात गहू, ऊस, भोपळा आणि कलिंगड. बटाटे आणि गाजरेही लावता येतात, पण ती तिने लावलेली नाहीत. हे ऐकून अण्णा हसले. लेकरू परदेशात गेले, पण खेळातही घरची रीत घेऊन गेले, याचे समाधान त्या हसण्यात होते.

आता रात्री साडेनऊला गावात दिवे लागतात. अण्णा कधी कधी खुर्ची ओढून शेजारी बसतात. नातीचा आवाज येतो, "अण्णा, जेवलात का?" अकरा वाजता दार आपोआप मिटते. शनिवारी सायंकाळी हिशेबाची प्रत तिजोरीत गेली की नातू पेटीची नोंदवही उघडतो आणि अण्णांना वाचून दाखवतो: इतक्या थापा पडल्या, इतक्या परतवल्या, आत आली ती एकच. थापा थांबलेल्या नाहीत. त्या थांबणारही नाहीत. अण्णा ऐकून मान हलवतात, जुन्या काळी दिवाणजींनी रोजकीर्द वाचून दाखवल्यावर हलवीत तशी.

सगळे बंद ठेवणे सोपे असते आणि सगळे उघडे टाकणे त्याहून सोपे. कोणासाठी, किती, केव्हापर्यंत उघडायचे, हे बसून ठरवायला मात्र घरातील माणसांना एकमेकांशी बोलावे लागते. त्या घरात हे बोलणे एका चुकीनंतर झाले. पुढच्या महिन्यात अण्णांनी पेढीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून हिशेबाच्या खोलीची एक किल्ली काढून नातवाच्या हाती दिली. एकच.